नाथांची परडी

॥ जय जगदंब ॥

आज घट बसले. रोजच्या वाचनात एकनाथी भागवताचा पहिला अध्याय घेतला. गणपती-शारदेला वंदन करून नाथ आपल्या कुलदेवतेकडे, एकवीरेकडे वळतात. रेणुकेच्या पोटी परशुराम जन्मला ही कथा आपल्याला ठाऊक आहे. नाथांच्या देवीच्या पोटी मात्र बोधच परशुराम होऊन येतो आणि त्याचा दरारा असतो अभिमानाला. आज तिथेच थांबलो, पुढे सरकलोच नाही.

नाथ पैठणचे. जन्म साधारण १५३३ चा. संत भानुदास त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी दत्तभक्त आणि किल्ल्याचे अधिकारीही. त्यांच्याकडे नाथ हिशेब लिहीत. एका पैची चूक रात्रभर शोधली, सापडली तेव्हा टाळी वाजवली, आणि स्वामींनी तोच ध्यास देवाकडे लावायला सांगितला, अशी कथा आहे. रात्री दोनला बग सापडल्यावर मीही टाळी वाजवतो, पण आमच्याकडे त्याने फक्त बायको जागी होते.

पुढे लग्न, संसार, आणि १५७३ साली काशीत पूर्ण झालेलं भागवत, अठरा हजारांवर ओव्यांचं. देववाणीतला ग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांचा रोष झाला, असं चरित्रकार सांगतात. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. एवढा मोठा पंडित माणूस, आणि त्याने भारुडं लिहिली! गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागणारी बाई त्यांनी रस्त्यावर पाहिली असणार. तिला हाकललं नाही, सुधारायलाही गेले नाहीत. तिचीच परडी घेतली आणि मागणं तेवढं बदललं. त्यांच्या जोगव्यात महिषासुराच्या जागी मोह आहे, नवरात्र नवविधा भक्तीचं आहे, परडी पूर्ण बोधाची. ही जोगवेकरीण दंभ नावाच्या सासऱ्याला टाकते, विकल्प नावाच्या नवऱ्याला सोडते. पोटी मुलगा मागते, तोही ज्ञानाचा!

हे सगळ्यांना रुचलं नाही. खुद्द मुलगा हरिपंडित, संस्कृतात पारंगत. वडिलांचं प्राकृतातलं प्रवचन आणि कुणाच्याही घरी जेवणं न पटून तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले, त्याच्या अटीही मान्य केल्या म्हणतात. बापाने मुलाचं ऐकलं.

हरिपंडितावर मला रागावता येत नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, हनुमान रोडजवळ, आई नवरात्रातल्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागायची. मी दहावीत होतो. एक दार वर्गमित्राचं निघालं. आई परडी पुढे करून उभी, आणि मी जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून, तिचा नसल्यासारखा. तिने पाहिलं होतं. पुढच्या वर्षीपासून तिने मला सोबत यायला सांगितलं नाही. यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा झालो. तेव्हा नाथ वाचलेले नव्हते.

आता बिल्डिंग पाडून टॉवर झालाय. आईचे गुडघे गेले. गेली दोन वर्षं परडी देव्हाऱ्याखालच्या खणात होती. आज घट बसवल्यावर ती काढली, पुसली. कवड्यांची माळ तुटली होती, ती आईने ओवून दिली. कशासाठी, हे विचारलं नाही तिने.

मंगळवारी संध्याकाळी निघतोय. पार्ल्यात ओळखीचे असाल तर पसाभर तांदूळ काढून ठेवा. वॉचमनला मी सांगतो.

उद्या अध्याय दुसरा, निमिराजा आणि नऊ योगेश्वर.

जय जगदंब.