रविवारची सुट्टी मिळाली, तुटलेल्या हाताचं काय?

पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं नाव काढलं की बहुतेकांना यमाई देवी आठवते. याच गावचं एक घराणं पोटापाण्यासाठी ठाण्याला गेलं आणि तिथं १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. आज आपण रविवारी निवांत बसतो, पोरांना शाळेला सुट्टी असते, तालुक्याची कचेरी बंद असते. पण गिरणीतल्या कामगाराला हा रविवार ज्या माणसानं मिळवून दिला, त्याचं नाव गावाकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यानं त्याच वेळी आणखी एक मागणी केली होती, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे.

लोखंडे यांचं शिक्षण बेताचंच झालं. रेल्वेत आणि टपाल खात्यात त्यांनी काही काळ कारकुनी केली. मग मुंबईतल्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीच्या आत काय चालतं, ते त्यांनी तिथं रोजच्या रोज पाहिलं.

गिरणीच्या पोटात

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. त्यात राबायला माणसं आली ती रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं तर घाटावरची गावंच्या गावं हलवली. विहिरी आटल्या, जनावरं गेली. मग बायका-पोरांसकट माणसं मुंबईच्या वाटेला लागली.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. त्यामुळं उजाडलं की काम सुरू आणि दिवस मावळला की बंद, असा हिशेब. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे तेरा-चौदा तासांचं काम. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद राही, तेवढीच काय ती विश्रांती. जेवायलाही धड वेळ नसे, साच्याशेजारीच उभ्या उभ्या दोन घास खायचे.

आता शेतकऱ्याला थकवा नवीन नाही. पण बैल थकला की थांबतो, यंत्र थांबत नाही. गिरणीत एका इंजिनावर लांबलचक दांडे फिरत आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राला जोडलेले असत. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही, बाईचा पदर त्यात एकदा अडकला की माणूस ओढला गेलाच. बोटं जाणं, हात जाणं, कधी जीवच जाणं, हे त्या यंत्रांच्या संगतीला आलेलं होतं. बारा तास उभं राहून डोळा लागायला आला की धोका आणखी वाढे. कापूस पिंजण्याच्या खात्यात तर हवेत कापसाची धूळ भरून राही. ती वर्षानुवर्षं छातीत जाऊन खोकला आणि दम जडे, आणि माणूस गावी परतायचा तो खंगूनच.

१८८१ साली सरकारनं पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, धोक्याच्या यंत्राला कुंपण असावं, चालू यंत्र पोरांकडून साफ करून घेऊ नये, अपघात झाला तर कळवावं, असं त्यात होतं. पण मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आणि हात तुटला तर पुढं काय, याबद्दलही नव्हतं.

पाच मागण्या

लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ साली 'दीनबंधू' पत्र सुरू केलं होतं. ते अडचणीत आल्यावर १८८० साली लोखंडे यांनी हाती घेतलं आणि मुंबईतून चालवलं. शेतकरी आणि गिरणी कामगार ही एकाच घरातली दोन माणसं आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं दोघांचीही गाऱ्हाणी या पत्रात येऊ लागली.

१८८४ साली सरकारनं कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्या सप्टेंबरात लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी की कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी पुन्हा एकदा वाचावी. हात तुटलेला माणूस तेव्हा गावी परत यायचा आणि त्याचा भार भावकीवर पडायचा. नफा मालकाचा आणि अधू माणूस गावाचा, अशी ती वाटणी होती. ती चुकीची आहे, हे लोखंडे यांनी सरकारदरबारी मांडलं. गिरणीत मोडलेल्या माणसाची जबाबदारी गिरणीचीच, असं त्यांचं म्हणणं.

अर्ज गेला, पण वर्षं निघून गेली आणि हलेना काही. लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी बाईनं भर सभेत उभं राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतलं गेलं. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांचे तास अकरावर आले, पोरांचे सातवर. पाचवी मागणी मात्र बाजूलाच राहिली.

माणूस गेला, संस्था उरली नाही

लोखंडे यांच्या कामात एक उणीव होती, ती झाकायचं कारण नाही. त्यांच्या मिल हॅण्ड्स असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता. सगळा डोलारा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून गावाकडं पळत होते, तेव्हा लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले. त्याच प्लेगनं ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना नेलं. महिन्याभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. लोखंडे यांच्यामागं त्यांची संघटना टिकली नाही.

कामावर जखमी झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. म्हणजे अर्जानंतर चाळीस वर्षांनी. त्या अर्जावर सही-अंगठा करणाऱ्यांतले किती जण तोवर हयात असतील, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

गावातलं यंत्र

मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले. पण पट्टे आणि दाते गावात आले. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, ऊस गाळायचा चरक, ट्रॅक्टरचा फिरता दांडा, हे सगळं आपल्या अंगणात आहे. मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले की १९८३ साली धोकादायक यंत्रांबाबत वेगळा कायदा करावा लागला. ट्रॅक्टर किंवा यंत्रावर शेतीचं काम करणारा मजूरही पुढे भरपाईच्या कायद्याच्या यादीत आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्यात दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारायला गेलेलेही होते.

अशा वेळी गावात काय होतं, ते सगळे जाणतात. चार माणसं बसतात, मालक दवाखान्याचा खर्च देतो, वर थोडे पैसे देतो आणि विषय मिटतो. अपघाताची कुठं नोंद होत नाही, दवाखान्याचे कागद जपले जात नाहीत. मग भरपाई मागायची तर पुरावा कशाचा? मळणीवाल्यानं पट्ट्यावर झाकण बसवावं, फवारणाऱ्याला हातमोजे आणि तोंडाला फडकं द्यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. आणि अपघात झालाच तर त्याच दिवशी नोंद करून कागद सांभाळावेत.

सरकारनं २००५ साली लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं, ते योग्यच झालं. पण त्यांच्या पाच मागण्यांपैकी रविवार आपण घेतला आणि पाचवी मागणी अजून गावच्या वेशीबाहेरच उभी आहे. तिला आत घेणं हे आता गावाचंच काम.