परमुलखात राहून जगाचा नकाशा काढणारे अल-इद्रीसी



जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर, आपल्या कुठल्याही गावात लग्नाला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगा कुठं असतो? कुणी रियाध सांगतं, कुणी दुबई, कुणी कुवेत. अलीकडे युरोपातल्या देशांची नावंही कानावर येतात आणि त्यात इटली असते. मग घरातली मोठी माणसं विचारात पडतात. आखातात निदान अजान तरी ऐकू येते. तिकडे पोरगा आपला दीन, आपली जुबान सांभाळेल का? मालक दुसऱ्या धर्माचा, मुलूख अनोळखी. तिथं त्याला इज्जत मिळेल का?

ही काळजी आजची नाही. जवळपास नऊशे वर्षांपूर्वी एक मोठे मुस्लिम विद्वान आजच्या इटलीत कामाला गेले होते. त्यांचं नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद अल-इद्रीसी. त्यांनी एका ख्रिस्ती राजाकडे पंधरा वर्षं काम केलं आणि जगाचा असा नकाशा तयार केला की भूगोलाचा इतिहास आजही त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. आज आपण त्यांची हयात पाहणार आहोत. परदेशात मुलगा असलेल्या प्रत्येक घरानं ती वाचावी असं आम्हाला वाटतं.

अल-इद्रीसी यांचा जन्म साधारण 1100 च्या सुमाराचा, सबता या शहरातला. मोरोक्कोच्या उत्तर टोकाला समुद्राकाठी असलेलं हे शहर आज सेउटा म्हणून ओळखलं जातं आणि स्पेनच्या ताब्यात आहे. घराणं सय्यदांचं. हजरत हसन (रजि.) यांच्या वंशातल्या इद्रीसी घराण्याचा वारसा ते सांगत, म्हणून त्यांना अश-शरीफ म्हणत. त्यांच्या पूर्वजांनी स्पेनमधल्या मालगा इथं राज्य केलं होतं. पण राज्य केव्हाच गेलं होतं. हातात उरलं होतं ते फक्त इल्म. त्यांची तालीम कुर्तुबा म्हणजे कॉर्डोबा इथं झाली असं मानलं जातं. तरुणपणीच त्यांनी स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पार आशिया मायनरपर्यंत सफर केली.

1138 च्या सुमारास ते सिसिली बेटावर पालेर्मोला पोहोचले. इथं थोडं थांबून सिसिलीबद्दल सांगायला हवं. हे बेट आज इटलीचा भाग आहे, पण त्या काळी इटली नावाचं एक राज्य नव्हतं. 827 मध्ये मुसलमान फौजा सिसिलीत उतरल्या, 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं आणि पुढं दोनशे वर्षांहून जास्त काळ तिथं मुस्लिम राज्य होतं. नंतर उत्तरेकडून नॉर्मन आले. 1072 मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं आणि 1091 पर्यंत सगळं बेट. म्हणजे अल-इद्रीसी पोहोचले तेव्हा राजा ख्रिस्ती होता आणि प्रजेतले खूप लोक मुसलमान होते.

हा राजा होता रॉजर दुसरा. त्याच्या दरबारात अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तिन्ही भाषा चालत. त्याच्या नाण्यांवर अरबी अक्षरं असत. हिजरी 528 मध्ये त्याच्यासाठी विणलेल्या शाही झग्यावर कुफी लिपीतला मजकूर आहे, तो झगा आज व्हिएन्नात जपून ठेवलाय. त्याच्या महालातल्या चर्चचं लाकडी छत मुस्लिम कारागिरीचं आहे. मुसलमानांचे खटले त्यांचे काझी ऐकत. रॉजर काही दयेपोटी हे करत नव्हता. ज्याच्या हातात हुनर आहे त्याला धरून ठेवण्यात आपल्या राज्याचा फायदा आहे, हे तो ओळखून होता.

नंतरच्या अरबी चरित्रकारांनी एक गोष्ट नोंदवली आहे. अल-इद्रीसी दरबारात आले की राजा उठून उभा राही आणि त्यांना आपल्या शेजारी बसवी. ते राजघराण्यातले असल्यानं मुस्लिम मुलखात राहिले तर तिथले सुलतान त्यांच्यावर संशय घेतील, आपल्याकडे मात्र ते सुरक्षित राहतील, असंही त्यानं त्यांना समजावलं म्हणे. म्हणजे परदेशी राहण्याचं कारण फक्त पगार नव्हता. आपल्या माणसांत जे मिळालं नसतं ते त्यांना परक्यांत मिळालं. आपल्या ओळखीतही अशी माणसं असतात.

आता कामाबद्दल. रॉजरला आपल्या राज्याची आणि सगळ्या जगाची खरी माहिती हवी होती. जुन्या किताबांत एक म्हणायचा हे, दुसरा म्हणायचा ते. म्हणून पालेर्मोला येणाऱ्या व्यापाऱ्यांना, खलाशांना, मुसाफिरांना बोलावून विचारपूस सुरू झाली. कुठला रस्ता किती दिवसांचा, कुठलं बंदर कसं, कुठं काय पिकतं. प्रत्येकाला एकेकटं विचारायचं आणि पुन्हा सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचं. ज्यावर सगळ्यांचं जमलं ते घ्यायचं, जिथं बोलण्यात फरक पडला ते सोडून द्यायचं. ऐकीव बातमी पुढं ढकलायची नाही हा नियम. आज मोबाईलवर आलेला मेसेज न तपासता पुढं पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून शिकण्यासारखं आहे. हे काम पंधरा वर्षं चाललं.

मग चांदीची एक मोठी गोल तबकडी घडवली गेली. वजन चारशे रतल, म्हणजे आजच्या हिशोबानं सव्वाशे किलोच्या वर. तिच्यावर जगाचा नकाशा कोरला गेला. सोबत अरबी किताब लिहिला, नुजहतुल मुश्ताक फी इख्तिराकिल आफाक. त्यात जगाचे सात पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याचे दहा भाग, असे एकूण सत्तर नकाशे आहेत. त्यात दक्षिण दिशा वर आहे, त्यामुळे आज आपण पाहिले तर ते उलटे वाटतात. किताब हिजरी 548 च्या शव्वाल महिन्यात, म्हणजे जानेवारी 1154 मध्ये पूर्ण झाला. लिहिला ख्रिस्ती राजासाठी, पण जुबान अरबी आणि तारीख हिजरी. आपली ओळख लपवून नोकरी करायची वेळ त्यांच्यावर आली नाही आणि त्यांनी ती लपवलीही नाही.

या किताबात आपला मुलूखही आहे. अल-इद्रीसी स्वतः हिंदुस्थानात आले नव्हते. जुने किताब आणि मुसाफिरांची माहिती यांवरून त्यांनी लिहिलं. ठाणे, सोपारा आणि चौल ही कोकणची बंदरं त्यात आहेत. ठाण्याजवळच्या डोंगरांतला बांबू आणि त्यापासून मिळणारं तबाशीर, म्हणजे हकीम लोक वापरतात ते वंशलोचन, यांबद्दलही लिहिलंय. इतकंच नाही, तबाशीरमध्ये हस्तिदंताची राख मिसळून भेसळ केली जाते, हेसुद्धा त्यांनी नोंदवलं. पालेर्मोत बसलेल्या माणसाला ठाण्याच्या बाजारातली भेसळ ठाऊक होती!

पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच नोंद. गुजरातमधल्या नहरवाला, म्हणजे अनहिलवाड पाटण शहराबद्दल ते लिहितात की तिथं मुसलमान व्यापारी मोठ्या संख्येनं येतात, राजा आणि त्याचे वजीर त्यांना इज्जतीनं वागवतात, त्यांच्या जानमालाला धोका नसतो. हा राजा हिंदू होता. इथल्या लोकांचा इन्साफ, सचोटी आणि दिलेल्या शब्दाला जागणं यांची त्यांनी तारीफ केली आहे आणि त्यामुळेच बाहेरचे लोक इकडे येतात असंही म्हटलंय. परक्या राजाच्या आश्रयानं इज्जतीनं जगणारा एक मुसलमान दूरच्या मुलखातल्या आपल्यासारख्याच मुसलमानांची खबर लिहीत होता. ते लिहिताना त्यांना स्वतःचे दिवस आठवले असतील का, असं मनात येतं.

किताब पूर्ण झाला आणि काही आठवड्यांतच, फेब्रुवारी 1154 मध्ये, रॉजर वारला. त्याचा मुलगा विल्यम गादीवर आला. त्याच्या काळात सरदारांनी बंड केलं, महाल लुटला गेला, त्यात ती चांदीची तबकडीही गेली असं मानलं जातं. 1161 च्या त्या दंगलीत पालेर्मोच्या मुसलमानांची कत्तल झाली. जे शहर कालपर्यंत आपलं वाटत होतं ते एका दिवसात परकं झालं.

पुढची कहाणी आणखी दुःखाची आहे. 1184 च्या अखेरीस हजहून परतताना इब्न जुबैर हे मुसाफिर सिसिलीला आले. मशिदी होत्या, मुसलमान नोकरचाकर दरबारात होते, पण अनेकांना आपला ईमान लपवावा लागत होता. एका बापानं तर आपली मुलगी हाजींच्या काफिल्यातल्या कुणालातरी निकाहात द्यायची तयारी दाखवली, का तर ती मुस्लिम मुलखात सुखरूप पोहोचावी म्हणून. तेराव्या शतकात सिसिलीचे मुसलमान बेटावरून हलवून इटलीतल्या लुचेरा गावी वसवले गेले आणि 1300 मध्ये ती वस्तीही मोडून टाकली.

अल-इद्रीसी यांचा इंतकाल 1165 च्या सुमारास झाला. त्यांनी औषधी वनस्पतींवरही किताब लिहिला, त्यात एकेका वनस्पतीची नावं अनेक भाषांत दिली आहेत. पण मुस्लिम चरित्रग्रंथांत त्यांच्याबद्दल फार थोडं सापडतं. परधर्मी राजाची चाकरी केली म्हणून आपल्याच लोकांनी त्यांना बाजूला ठेवलं, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि तिकडे? 1592 मध्ये त्यांच्या किताबाचा संक्षेप रोममध्ये अरबीत छापला गेला, पण त्यावर लेखकाचं नावच नव्हतं. 1619 मध्ये पॅरिसला त्याचं लॅटिन भाषांतर निघालं, तेव्हा लेखक आफ्रिकेतल्या नुबियाचा असावा असं धरलं गेलं. ज्यानं सगळ्या जगाच्या गावांची नावं लिहिली, त्याचं स्वतःचं नाव हरवलं. शेवटी विसाव्या शतकात इटलीतल्याच विद्वानांच्या पुढाकारानं पूर्ण अरबी किताब त्यांच्या नावानिशी नीट छापून निघाला.

ही हयात वाचून आम्हाला दोन गोष्टी समजल्या. पहिली, परमुलखात इज्जत मिळते ती हुनर आणि सचोटीवर. अल-इद्रीसी यांना राजानं शेजारी बसवलं ते त्यांचं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं म्हणून. पोराला बाहेर पाठवायचं तर आधी त्याच्या हातात पक्कं काम आणि तिथली भाषा द्या. दुसरी गोष्ट कडू आहे. एका माणसावर राजाची मर्जी असली म्हणून सगळी बिरादरी सुरक्षित होत नाही. मर्जी राजाबरोबर जाते. म्हणून जिथं राहाल तिथला कायदा जाणून घ्या, आपले कागद नीट ठेवा, शेजाऱ्यांशी नातं जोडा.

आणि जे घरी आहेत त्यांच्यासाठी एक विनंती. तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, तिथं कधी पोरांना घेऊन जा. आपल्या इतिहासात माणसं आली, गेली, राहिली, मिसळली, हे त्यांना दाखवा. मग रात्री नकाशा उघडून सबता, पालेर्मो आणि ठाणे शोधा. परदेशात असलेल्या भावाला किंवा चाचांना फोन लावा आणि पगार विचारायच्या आधी विचारा, तिथं तुमचं मन लागतं का?