हाफकिन यांचा हिशेब

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांच्यावरून ते पडले, ते वाल्देमार हाफकिन मात्र वैद्यकीय पदवीधर नव्हते. जन्म 1860 सालचा, ओडेसा येथील ज्यू कुटुंबातला. प्राणिशास्त्र शिकून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे पटकीची लस तयार करून 1892 साली त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी कलकत्ता गाठले.

1896 साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी प्लेगची लस केली. 10 जानेवारी 1897 रोजी तीही प्रथम स्वतःच टोचून घेतली. आपले बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, प्लेग इथेही पोचला. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेल्याच्या गोष्टी आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत.

लस खरेच काम करते का, हे दाखवायचे कसे? 1898 च्या सुरुवातीला बडोद्याजवळच्या उंडेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्मी माणसे टोचली. निम्मे पुरुष, निम्म्या बायका, निम्मी मुले. घर तेच, अन्न-पाणी तेच, फरक फक्त सुईचा. टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले, 3 दगावले. न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले, 26 दगावले. बँकेत आयुष्य काढलेल्या आम्हाला या आकड्यांवर आणखी शेरा मारण्याची गरज वाटत नाही. पण एका भावाला सुई आणि दुसऱ्याला नाही, हे त्या आईने कसे सोसले असेल, हा विचार मनातून जात नाही.

रक्त तपासून प्रतिकारशक्ती मोजण्याची सोय त्यांच्या हाताशी नव्हती. माणसेच मोजावी लागत. आज मोहिमेआधी आणि नंतर मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजता येतात, कोणाला लसीविना ठेवावे लागत नाही. गोवर-रुबेलाची शाळांमधली मोहीम कर्नाटकात, म्हणजे आपल्या निपाणीतही, फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झाली. शेजारच्या कागलला महाराष्ट्राची पाळी येईपर्यंत नोव्हेंबर 2018 उजाडला. सीमेची रेघ गोवराला दिसत नाही, सरकारांना मात्र दिसते!

1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, ते निलंबित झाले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे तज्ज्ञांचे मत होते. तरी 1907 पर्यंत त्यांच्यावरचा डाग पुसला गेला नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने लढले. पुन्हा कलकत्त्यात नेमणूक झाली, पण माणसांवर नव्या लसी तपासून पाहण्याची मुभा मिळाली नाही. ज्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, नेमके तेच काम काढून घेतले गेले.

परळच्या प्रयोगशाळेला 1925 साली त्यांचे नाव देण्यात आले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले.