बॅडेकचे ग्रॅहॅम बेल

मुलांनो, टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे विचारले तर तुम्ही लगेच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सांगाल. पण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील बॅडेक या छोट्या गावाला बेल वेगळ्याच कारणांनी आठवतात.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येई. दोन्ही भाऊ क्षयाने वारले. तेव्हा उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन आईवडील १८७० साली कॅनडात आले. पुढे बेल अमेरिकेत बोस्टन येथे बहिऱ्या मुलांना शिकवू लागले. होय, ते मुळात शिक्षक होते! १८७६ साली त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. दुसऱ्याच वर्षी मेबेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लहानपणी आलेल्या तापामुळे मेबेल बहिऱ्या झाल्या होत्या. ओठांच्या हालचाली पाहून त्या बोलणे ओळखत. पतीच्या यंत्रातून येणारा आवाज मात्र त्यांना कधीच ऐकता आला नाही.

१८८५ साली हे कुटुंब बॅडेकला आले. तेथील पाणी आणि डोंगर पाहून बेल यांना स्कॉटलंड आठवले. गावात एक गोष्ट सांगतात. एका कचेरीतला टेलिफोन बिघडला होता. एका अनोळखी पाहुण्याने तो उघडला, आतली मेलेली माशी काढली आणि टेलिफोन सुरू झाला. तो पाहुणा म्हणजे बेल! गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण ऐकायला छान वाटते.

बेल यांनी तेथे डोंगरावर घर बांधले. ते मेंढ्या पाळत, प्रचंड पतंग उडवत. माणसाने आकाशात उडावे, हा त्यांचा ध्यास होता. १९०७ साली मेबेल यांनी स्वतःचे पैसे दिले आणि बेल यांनी चार तरुणांना सोबत घेऊन विमाने बनवण्यास सुरुवात केली. काम धोक्याचे होते. त्यांच्यातील सेल्फ्रिज हा तरुण सप्टेंबर १९०८ मध्ये अमेरिकेत राइट यांच्या विमानाच्या अपघातात मरण पावला. तरीही काम थांबले नाही. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी बॅडेकचे सरोवर गोठले होते. गावकरी बर्फावर जमले. त्याच गावचा बावीस वर्षांचा मॅककर्डी ‘सिल्व्हर डार्ट’ विमानात बसला. विमान सुमारे ८०० मीटर उडाले आणि सुखरूप उतरले. कॅनडातील ते पहिले विमान-उड्डाण होते.

१९१९ साली बेल यांच्या बोटीने पाण्यावर ताशी ११४ किलोमीटर वेग गाठून जागतिक विक्रम केला. तेव्हा त्यांचे वय ७२ होते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे बॅडेक येथील घरी निधन झाले. दोन दिवसांनी त्याच डोंगरावर त्यांना दफन करण्यात आले. त्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील सर्व टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.