गहुलीचे वसंतराव

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या खोऱ्यात, पुसद, महागाव, उमरखेड व ढाणकी हा मुलूख पसरलेला आहे. नदीकडची जमीन काळी व कसदार, तर डोंगरउताराची हलकी व मुरमाड. कापूस, ज्वारी आणि तूर ही येथील जुनी पिके होत. ह्या मुलखात जागोजागी बंजारा समाजाचे तांडे आहेत.

पूर्वी तांडा एका जागी राहत नसे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून बंजारे दूरदूरचे बाजार गाठीत. सैन्यालाही तेच रसद पुरवीत. तांड्याच्या प्रमुखास नाईक म्हणत, आणि त्याचा शब्द सर्वांस मान्य असे. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली. बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने जाणारा माल चार दिवसांत पोचू लागला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही प्रांतांत बंजाऱ्यांनाही तो लागू झाला. फिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वेळी अनेक तांड्यांनी डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम कायम केला, रान साफ केले आणि हाती नांगर धरला.

पुसद तालुक्यातील गहुली हे गाव असेच वसले. तेथे १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव फुलसिंग व आईचे होनूबाई. घराण्याचे मूळ आडनाव राठोड. परंतु तांड्याची नाईकी घरात असल्यामुळे नाईक हेच नाव रूढ झाले. बाळपणीच त्यांनी शेतीची कामे पाहिली. पाऊस वेळेवर आला तर घरात धान्य येते, आणि त्याने पाठ फिरवली तर वर्ष वाया जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या काळी तांड्यावर शाळा नव्हती. शिकण्यासाठी वसंतरावांना एका गावाहून दुसऱ्या गावी जावे लागले. पुढे ते नागपुरास गेले. मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले व १९४० मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. पुढल्याच वर्षी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय असल्याने त्यास विरोध झाला. तथापि दोघेही आपल्या निश्चयापासून ढळली नाहीत.

शहरात राहून वकिली करणे त्यांना शक्य होते. पण पुसद हेच त्यांनी आपले कार्यक्षेत्र मानले. शेतकऱ्यांचे दावे चालविताना कर्ज, बांधाचे तंटे आणि निरक्षरता ह्यांनी खेडी कशी पोखरली आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले व १९५२ मध्ये मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा जुना कायदा देशातून नाहीसा झाला.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वसंतराव मंत्री होऊन मुंबईस गेले. तेथे राहावयास मिळालेल्या बंगल्याचे इंग्रजी नाव बदलून त्यांनी ‘वर्षा’ असे नाव ठेवले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या घराला पावसाचे नाव द्यावे, हे स्वाभाविकच होते. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. हे पद त्यांनी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळले.

ते दिवस टंचाईचे होते. देशाला परदेशातून धान्य आणावे लागे. १९६५ मध्ये युद्धही उद्भवले. त्याच वर्षी पुण्यात शनिवारवाड्यासमोर वसंतरावांनी भर सभेत प्रतिज्ञा केली की, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला येथेच फासावर द्यावे. प्रतिज्ञा कठोर होती आणि मार्ग त्याहून कठीण होता.

संकरित ज्वारीचे नवे बियाणे नुकतेच निघाले होते. ते अधिक उत्पन्न देई. परंतु त्याची ताटे आखूड असल्यामुळे कडबा कमी पडे. बैलांना काय घालावे, असा शेतकऱ्याचा प्रश्न असे. भाकरीच्या चवीविषयीही लोक कुरकुर करीत. वसंतराव गावोगाव हिंडले, बांधावर उभे राहून शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलले. हळूहळू नवे वाण शेतात रुजले आणि उत्पादन वाढले. प्रत्येक विभागाची माती व पाऊस निराळे आहेत, हे ओळखून राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे १९६८ ते १९७२ ह्या काळात कृषी विद्यापीठे उभी राहिली.

परंतु निसर्ग प्रतिज्ञा जाणत नाही. राज्याची बहुतेक शेती पावसावरच अवलंबून राहिली. १९७२ मध्ये भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली. माणसे जगविणे हेच सरकारचे पहिले काम झाले. ठिकठिकाणी दुष्काळी कामे निघाली. बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि खडी फोडण्याच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे राबत होती. कामावर सुकडी वाटली जाई. काम मागणाऱ्यास काम मिळावे, ही वि. स. पागे यांची कल्पना सरकारने उचलून धरली, आणि रोजगार हमी योजना सुरू झाली. दुष्काळ भयंकर होता. पण मागील शतकातील दुष्काळांप्रमाणे माणसे भुकेने लाखांनी मेली नाहीत.

१९७५ मध्ये वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जयंती महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळली जाते, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठास २०१३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

जुलैच्या आरंभी पैनगंगेच्या खोऱ्यात पेरण्या चालू असतात. पूर्वी ज्या डोंगरउतारावर बंजाऱ्यांचे बैल क्षणभर विसावत, तेथे त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिफण धरतात. भूमीने त्यांना स्थैर्य दिले, आणि त्यांच्यातील एका मुलाने ते ऋण साऱ्या महाराष्ट्राची सेवा करून फेडण्याचा प्रयत्न केला.