वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

सण कोणताही असो, त्याच्या मुळाशीं कोणाचें तरी जीवित असतें. पताका, रोषणाई, वाजंत्री, मिरवणूक आणि पाहुण्यांची पंगत हीं झाडाचीं पानें-फुलें होत. मूळ जमिनींत, दृष्टीआड असतें. मुळास पाणी घालण्याचें राहिलें म्हणजे फुलें फार दिवस टिकत नाहींत. आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या प्रसंगीं म्हणूनच एका संताचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. या संताच्या नांवानें वसईकडे दरवर्षी मोठा उत्सव भरतो. वसई धारूरपासून दूर आहे खरी. तरी या पुरुषाचें आणि आमचें नातें तितकें दूरचें नाहीं, हें पुढील मजकुरावरून ध्यानांत येईल.

गोन्सालो यांचा जन्म इ. स. १५५६ अथवा १५५७ सालीं वसई येथें झाला. वसईचा मुलूख १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा याजकडून पोर्तुगीजांच्या हातीं आला होता. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज शिपाई होते. आई मात्र त्याच भागांतली, कोंकणच्या मातींतली. वडिलांकडून त्यांस आडनांव मिळालें, आईकडून हा देश मिळाला. त्या काळीं इकडे बालाघाटच्या डोंगरांत काय चाललें होतें हें पाहिल्यास काळाची कल्पना येईल. गोन्सालो दहा-अकरा वर्षांचे असतां, १५६७ च्या सुमारास, आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानें आमचा धारूरचा किल्ला बांधला. आणि थोड्याच काळांत निजामशाही फौजेनें तो घेतला व किश्वरखान तेथेंच लढाईंत पडला. ज्या तटाकडे पाहत आम्ही लहानाचे मोठे झालों तो तट आणि हा संत एकाच पिढीचे आहेत.

वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंचें ठाणें होतें. तेथें फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्या हाताखालीं गोन्सालो यांचें शिक्षण झालें. वय पंधरा-सोळा वर्षांचें झालें नाहीं तोंच ते येशूसंघीय गुरूंबरोबर जपानच्या वाटेस लागले. तें साल १५७२ च्या सुमाराचें. वाऱ्यावर चालणारें जहाज, महिनेचे महिने पाणी, आणि पलीकडे अनोळखी देश. तेथील भाषा त्यांनीं इतकी उत्तम आत्मसात केली कीं पुढें तीच त्यांच्या आयुष्याची मुख्य सेवा ठरली. सुमारें आठ वर्षें त्यांनीं जपानमध्यें धर्मशिक्षकाचें काम केलें. मुलांस गोळा करावें, प्रार्थना शिकवाव्या, आजाऱ्यांच्या घरीं जावें, परदेशी गुरूंचें बोलणें लोकांस व लोकांचें मन गुरूंस समजावून द्यावें, असें तें काम होतें. आमच्या मराठवाड्यांत खेडोपाडीं धर्मशिक्षकांनीं, ज्यांस लोक आदरानें मास्तर म्हणत, जें काम केलें तेंच हें होय. गुरूंचें नांव दप्तरांत राहतें. मास्तरांचें नांव पुष्कळदां ज्यांस त्यांनीं आमच्या स्वर्गीय बापाची प्रार्थना शिकविली त्यांच्याच ओंठीं राहतें.

येशूसंघांत प्रवेश मिळावा ही गोन्सालो यांच्या मनाची मोठी इच्छा होती. वर्षांमागून वर्षें गेलीं, पण ती सफळ झाली नाहीं. अखेर त्यांनीं तें काम सोडलें व पूर्वेकडील बंदरांत व्यापार आरंभिला. भाषेचें ज्ञान, मनमिळाऊ स्वभाव आणि व्यवहारांतील सचोटी यांमुळें व्यापार चांगला चालला. येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. दार बंद झालें म्हणजे मनुष्य बहुधा दोन मार्गांपैकीं एक धरतो: दार बंद करणाऱ्यावर रुसतो, अथवा देवावरच रुसतो. गोन्सालो यांनीं दोन्ही केलें नाहीं. हातीं पैसा आला, तरी पहिली हांक मनांतून गेली नाहीं.

व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं गेले. तेथें फ्रान्सिस्कन संन्याशांचें गरिबीचें जिणें त्यांनीं पाहिलें आणि त्यांचें मन ठरलें. व्यापार आवरून, १५८८ च्या सुमारास, त्यांनीं संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घेतला. ते धर्मगुरु झाले नाहींत. संन्याशांच्या मठांतील एक साधे बंधु झाले, आणि अखेरपर्यंत बंधूच राहिले.

ज्या मनिलेंत गोन्सालो यांस हें दुसरें घर मिळालें, तेथील गांवांच्या सणांचें मूळ आमच्या वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. फ्रान्सिस्कन संन्यासी त्या बेटांत १५७७ सालीं आले. तेथील लोक नदीकांठीं व डोंगरांत लहान लहान वस्त्या करून विखुरलेले असत. चर्चची घंटा जेथवर ऐकूं येईल तेवढ्या टापूंत त्यांस एकत्र वसविण्याचा उद्योग संन्याशांनीं चालविला. प्रत्येक गांवास एक पालक संत मिळाला आणि त्या संताचा दिवस तोच गांवाचा सण ठरला. जुनी वस्ती सोडणें सर्वांस रुचलें असें नाहीं. कित्येक आपापल्या शेताजवळच राहिले. परंतु सणाच्या दिवशीं मिस्सा, मिरवणूक व गोडधोड यांसाठीं तेही गांवांत येत. लोकांचे सुगीचे जुने रिवाज सगळेच टाकून देण्यांत आले नाहींत; पुष्कळसे चर्चच्या दारीं आणून त्यांस नवा अर्थ देण्यांत आला. लुकबान गांवीं १५ मे रोजीं, शेतकऱ्यांचे संत इसिदोर यांच्या सणास, घरांच्या दर्शनी भागावर भाजीपाला, फळें आणि तांदळाच्या पिठाच्या रंगीत, पानाच्या आकाराच्या पापड्या टांगतात. पुलिलान गांवीं त्याच सणाच्या सुमारास शेतकरी आपले रेडे सजवून चर्चपुढें आणतात व त्यांस गुडघे टेंकावयास लावतात. पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या शिंगांस रंग लावून त्यांस वेशींतून मिरविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास यांत परकें असें काय वाटेल? श्रमाचें जनावर आणि श्रमाचें पीक देवापुढें आणावें ही बुद्धि सर्वत्र एकच आहे. असल्या प्रथा पुढील काळांत वाढल्या. तरी ज्या संन्यासीसंघानें लुकबानसारख्या गांवांचा पाया घातला त्याच संघाचा झगा गोन्सालो यांनीं घेतला होता.

जपानमध्यें त्या वेळीं हिदेयोशी याची सत्ता होती. त्यानें १५८७ सालीं ख्रिस्ती धर्मोपदेशकांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरी तो हुकूम सक्तीनें अंमलांत येत नव्हता. पुढें त्यानें फिलिपाईन बेटांनीं आपलें स्वामित्व मान्य करावें अशी मागणी केली. तेव्हां मनिलेच्या गव्हर्नरानें १५९३ सालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरु पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून पाठविलें. सोबत दुभाषी कोण, तर वसईचे गोन्सालो. एका बाजूस सर्वसत्ताधीश हिदेयोशी, दुसऱ्या बाजूस अनवाणी संन्यासी, आणि मध्यें कोंकणी मातेचा हा पुत्र. दुभाष्याचें काम मोठें नाजूक. एक शब्द कमी पडला तर अपमान, एक जास्त झाला तर वचन. या भेटीचा परिणाम असा झाला कीं संन्याशांस जपानांत राहण्याची मोकळीक मिळाली.

राजधानी क्योतो येथें त्यांनीं देवदूतांच्या राणीच्या नांवानें चर्च उभारलें आणि त्याजवळ महारोग्यांसाठीं रुग्णालयें काढलीं. ज्यांस आप्तांनीं घराबाहेर काढलें त्यांच्या जखमा धुण्याचें काम तेथें चालत असे. गोन्सालो तेथेंही लोकांची व गुरूंची जीभ होते. पूर्वी ज्या देशांत ते धर्मशिक्षक होते त्याच देशांत त्यांची पहिली इच्छा दुसऱ्या वाटेनें पुरी झाली.

१५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत मनिलेहून मेक्सिकोस जातांना वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला; त्यावरून वाद झाला; आणि धर्मोपदेशक हे परकी स्वारीचे अग्रदूत आहेत असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला. ८ डिसेंबर १५९६ रोजीं संन्याशांच्या घरावर पहारे बसले, आणि पुढें मृत्युदंडाचा हुकूम झाला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें त्या सर्वांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला व त्यांस गाड्यांत बसवून शहरांतून फिरविण्यांत आलें. मग ऐन हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत शेंकडों मैलांचा प्रवास सुरू झाला. तो जवळजवळ महिनाभर चालला. प्रथम ते चोवीस होते. वाटेंत सेवा करण्यास बरोबर आलेले आणखी दोघे त्यांत धरले गेले व सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा प्रापंचिक भाविक होते. लुईस नांवाचा मुलगा तर अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. सर्वांच्या आधीं क्रूसावर देण्यांत आले ते गोन्सालो, असें परंपरा सांगते. भाल्यांनीं त्यांचें अंग विंधण्यांत आलें. वय सुमारें चाळीस वर्षांचें होतें. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं ज्या घराचा उंबरठा त्यांनीं ओलांडला होता तें घर वसईस राहिलें.

पोप आठवे उर्बान यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें आणि पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं सव्वीसही रक्तसाक्ष्यांस संतपद दिलें. भारतभूमींत जन्मून संतपदास पोंचलेले गोन्सालो हे पहिले पुरुष होत. संत आल्फोन्सा यांस तो मान मिळाला तें साल २००८, म्हणजे मध्यें जवळजवळ दीडशें वर्षें गेलीं. नागासाकीच्या त्या टेंकडीवर १९६२ सालीं सव्वीस जणांचें स्मारक उभारण्यांत आलें.

वसईची गोष्ट मात्र निराळी झाली. १७३९ सालीं चिमाजीआप्पांच्या फौजेनें वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यांतील चर्चें ओस पडलीं. सत्तेच्या आधारानें उभा असलेला धर्म असता तर तो सत्तेबरोबर गेला असता. परंतु खेड्यांतील भाविकांनीं श्रद्धा सोडली नाहीं. आज तेथें गास गांवीं संत गोन्सालो यांच्या नांवाचें चर्च आहे, वसईंत त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे, आणि १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. विश्वव्यापी पंचांगांत या रक्तसाक्ष्यांचा दिवस ६ फेब्रुवारी आहे. तो संत पौल मिकी व त्यांचे सोबती या नांवानें पाळला जातो, आणि गोन्सालो त्या सोबत्यांत मोजले जातात. वसईचे लोक मात्र नाताळानंतरच्या पहिल्या पौर्णिमेस धरून, तिच्या मागोमाग येणाऱ्या जवळच्या सोमवारीं आपल्या संताचा उत्सव करितात. रोमच्या पंचांगांतील संत आणि आजी-पणजीच्या बोटांवर मोजलेली पौर्णिमा यांची अशी गांठ पडली आहे. सणाचें धार्मिक मूळ आणि लोकरीतीचें मूळ कसें एकमेकांत गुंततें याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या भाषेच्या मुलुखांत क्वचितच सांपडेल.

आतां आमच्या घरचें पाहूं. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालचा. धर्मप्रांत म्हणून तो वसईहून जुना, तरी ख्रिस्ती परंपरेच्या मानानें वसईचें लहान भावंडच आहे. आमच्या सणांस अजून रूप यावयाचें आहे, आणि तें कसें येईल हें आमच्याच हातीं आहे. फेब्रुवारीचा महिना हा आमच्या तालुक्यांत अर्ध्या घरांस कुलूप असण्याचा महिना. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन कोयत्याची जोडी कारखान्याच्या वाटेस लागते. लेंकरें कोपीवर वाढतात, म्हातारीं माणसें गांवांत दिवस मोजतात. संत गोन्सालो यांचा दिवस येतो तो ऊस तोडणीच्या भरांत. ज्यांच्या नांवें सण करावयाचा ते स्वतः घर सोडून गेलेले, परक्या भाषेच्या मुलुखांत राबलेले, आणि परत न आलेले. मग त्यांच्या सणाचा पहिला मान कोणाचा? आम्हांस वाटतें, तो उसाच्या फडांत असलेल्या आमच्या बंधु-भगिनींचा.

म्हणून आमची नम्र सूचना अशी कीं, या महोत्सवाच्या वर्षापासून ६ फेब्रुवारीच्या मिस्सेंत तोडणीस गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचें नांव वेदीपुढें वाचलें जावें. पंगतीचा खर्च थोडा आवरून त्यांतून गांवीं मागें राहिलेल्या वृद्धांच्या व शाळकरी मुलांच्या जेवणाची सोय व्हावी. आणि ज्या मास्तरांनीं आमच्या वाडवडिलांस क्रूसाची खूण करण्यास शिकविलें त्यांचें स्मरण त्याच दिवशीं व्हावें. पताका अवश्य लावाव्या, वाजंत्रीही असावी. आनंद हा धर्माचा शत्रु नव्हे. परंतु जो सण गैरहजर माणसाची आठवण ठेवितो तोच गांवाचा सण. बाकीचा तो नुसता दिवस.

संत गोन्सालो, ज्यांस एका दारानें परत पाठविलें व देवानें दुसऱ्या दारानें आंत घेतलें, ते आमच्या सर्व परगांवच्या कष्टकऱ्यांसाठीं, धर्मशिक्षकांसाठीं आणि या धर्मग्रामासाठीं प्रभुचरणीं विनवणी करोत.