बर्फाबरोबर वाहणारे जहाज

मुलांनो, परभणीच्या उन्हात बर्फाचा गोळा हातात धरला, की तो पाहता पाहता वितळतो. पण उत्तर ध्रुवाजवळ इतकी थंडी असते, की समुद्राचेच पाणी गोठते. हा बर्फ एका जागी थांबत नाही, तो वाहतो. जीव धोक्यात घालून हे सिद्ध करणाऱ्या नान्सेन यांची ही गोष्ट आहे.

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म १८६१ साली नॉर्वे देशात झाला. १८८१ साली सैबेरियाजवळ एक जहाज बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्याचे काही सामान दूर ग्रीनलंडच्या किनाऱ्यापाशी सापडले. नान्सेन यांनी ओळखले, की ते बर्फानेच वाहून आणले असणार. मग आपले जहाजही मुद्दाम बर्फात अडकवले तर? अनेक जाणकारांना हा वेडेपणा वाटला. पण नान्सेन डगमगले नाहीत.

त्यांनी 'फ्राम' हे गोलसर तळाचे, मजबूत जहाज बांधून घेतले. बर्फ दोन्ही बाजूंनी दाबू लागला, की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. सप्टेंबर १८९३ मध्ये तेरा माणसांसह फ्राम बर्फात अडकले. ते हळूहळू वाहू लागले. या प्रवासात हवेचे तापमान, समुद्राची खोली, बर्फाची जाडी यांच्या नोंदी ठेवल्या जात.

१८९५ साली नान्सेन एका सोबत्यासह ध्रुवाकडे निघाले. ध्रुव गाठता आला नाही. परतताना एक हिवाळा त्यांनी दगडी झोपडीत काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये ते मायदेशी पोहोचले. त्याच महिन्यात फ्रामही सुखरूप बर्फाबाहेर आले.

पुढे त्यांनी महायुद्धामुळे बेघर झालेल्या लोकांसाठी मोठे काम केले. १९२२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० साली ते वारले.

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट ऐका. २००६ साली 'तारा' हे जहाज साधारण त्याच वाटेने बर्फाबरोबर वाहत गेले. फ्रामला जवळजवळ तीन वर्षे लागली होती; ताराचा प्रवास दीड वर्षाच्या आत संपला. असे का झाले? पृथ्वी तापत असल्यामुळे बर्फ पातळ झाला आहे. पातळ बर्फाला वारा सहज ढकलतो आणि तोडतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला, की खालचा काळसर समुद्र ऊन शोषतो आणि आणखी बर्फ वितळतो.

त्या दूरच्या बर्फाचा आपल्या पावसाशी काही संबंध आहे का, याचा शोध गोव्यातील शास्त्रज्ञ घेत आहेत. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांसाठीही तो महत्त्वाचा आहे. नान्सेन यांच्या नोंदी नसत्या, तर तेव्हाचा बर्फ आणि आजचा बर्फ यांची तुलना आपण कशी केली असती?